पडद्याआडचे रणवाद्य

चित्रपटातील मारामारी ही डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट आहे, असा आपला सर्वांचा समज असतो. तो कितपत खरा आहे हे ताडून पाहावयाचे असेल, तर दिवाळीच्या सुटीत घरातल्या मुलाबाळांना जवळ बसवून एक लहानसा प्रयोग करावा. ‘शोले’ आता घरोघरी पाहता येतो. त्यात बसंतीच्या टांग्यामागे दरोडेखोर लागतात, तो प्रसंग काढावा आणि आवाज पूर्ण बंद करावा. एक घोडी धावते आहे, टांग्याची चाके फिरत आहेत, मागे घोडेस्वार आहेत, एवढेच काय ते दिसते. थोड्याच वेळात धाकटी मंडळी चकलीच्या डब्याकडे वळतात. मग तोच प्रसंग आवाजासह लावावा. तबल्याची थाप कानी पडते आणि चकलीकडे गेलेला हात वाटेतच थांबतो. चित्रात काडीचा फरक पडलेला नसतो, पण आता टांगा उलटेल की काय या धास्तीने जीव टांगणीला लागतो!

तो तबला बनारसच्या पंडित सामताप्रसादांचा. गुदईमहाराज म्हणून संगीताच्या दुनियेत त्यांचा दबदबा होता. मैफलीत ज्यांच्या हाताला मोठमोठे गवई मान देत, त्यांनी एका घोडीच्या पळण्याला आपल्या बोटांचा वेग दिला. बसंती सर्वांना आठवते, तिची धन्नो घोडीही आठवते. तबला कोणाचा, असे विचारले तर मात्र चांगले रसिक म्हणविणारेही छताकडे पाहू लागतात.

मारधाडीच्या चित्रपटांना धार देणाऱ्या अशा पडद्याआडच्या हातांचा इतिहास सांगावा, म्हणून हा लेखप्रपंच. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे कापूस पिकतो, सागवान वाढते; चित्रपट तयार होत नाहीत. परंतु संगीत जिथे तयार होते तिथेच त्याचा इतिहास संपत नाही. ते ज्या कानांत जाऊन पडते त्या कानांचाही त्या इतिहासात वाटा असतो, आणि त्या नात्याने आम्हा वऱ्हाडकरांनाही बोलावयाचा थोडा अधिकार आहे, असे मी समजतो.

डफापासून पेटीपर्यंत

लढाईला वाद्य लागते, हा शोध काही सिनेमाने लावलेला नाही. नौबत, शिंग, कर्णा, ताशा ही सारी रणवाद्ये सिनेमाच्या शेकडो वर्षे आधीची. लढाई संपल्यावर तिची कथा सांगावयास उभा राहतो तो शाहीर, आणि त्याच्या हाती डफ असतो. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडावरचा तुलसीदासाचा पोवाडा हे आपल्याकडचे फार जुने नमुने. हे पोवाडे पुस्तकात वाचणे वेगळे आणि डफ-तुणतुण्याच्या साथीत ऐकणे वेगळे. वीर कडा चढू लागतो तशी डफाची लय चढते. तलवार तुटते तिथे डफ एकदम बंद पडतो, आणि त्या क्षणभराच्या शांततेत श्रोत्यांचा श्वास अडकतो. लय चढविणे आणि लय तोडणे, ही दोन हत्यारे शाहिराला ठाऊक होती. पुढे चित्रपटाच्या पार्श्वसंगीताने जे जे केले, त्याचे मूळ या दोन हत्यारांत आहे.

आमच्या वऱ्हाडात हे ज्ञान पोवाड्यापुरतेच नव्हते. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात, तेव्हा डफडे वाजते. ते वाजविण्याआधी वाजंत्री गवताचा जाळ करून त्यावर डफड्याचे कातडे शेकतो. शेकल्यावर कातडे ताणते आणि आवाजाला असा काही करकरीतपणा येतो की, दोन शेते पलीकडचा बैलही कान टवकारतो. वाद्याला चढविल्यावाचून माणूस चढत नाही, हे आमच्या वाजंत्र्याला कोणा संगीतशाळेने शिकविलेले नव्हते.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. त्या काळच्या चित्रपटांना आपण मूकपट म्हणतो. पण मुका होता तो पडदा. चित्रपटगृह कधीच मुके नव्हते. पडद्याच्या पायथ्याशी पेटीवाला आणि तबलजी बसत. पडद्यावर राजा रडला की पेटीतून करुण सूर निघावयाचे, आणि तलवारी उपसल्या की तबलजी बाह्या सरसावून बसावयाचा. बड्या शहरांतल्या चित्रपटगृहांत पियानो आणि व्हायोलिनही असे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. असल्या चित्रपटांच्या वेळी तबलजीची कसोटी लागे. त्याच्यापुढे कागद नसे, सराव नसे. पडद्याकडे नजर लावावयाची आणि हात चालवावयाचे. त्यामुळे एकाच चित्रपटाची दुपारची लढाई आणि रात्रीची लढाई कधी सारखी होत नसे. आज आपण पार्श्वसंगीत म्हणतो, त्याचे हे बालपण. ते कुठेही नोंदले गेले नाही आणि त्या वादकांची नावेही उरली नाहीत.

हंटर आणि घड्याळ

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने पडद्याला कंठ दिला. बोलपटाच्या त्या पहिल्या वर्षांत ध्वनिमुद्रणाची साधने अगदी बाल्यावस्थेत होती. चित्रण आणि गाणे एकाच वेळी टिपावे लागे. म्हणून साथीदारांना झाडामागे, पडद्यामागे, सामानाच्या आडोशाला दडवीत. पडद्याच्या पायथ्याशी बसणारा तबलजी असा पडद्याच्या आत गेला आणि दिसेनासा झाला.

या काळात मराठी माणसाला अभिमान वाटावा असे एक नाव येते, आणि ते आमच्या वऱ्हाडाशी जोडलेले आहे. अमरावतीत जन्मलेले केशवराव भोळे हे ‘प्रभात’चे संगीतदिग्दर्शक. व्ही. शांतारामांच्या ‘अमृतमंथन’ला १९३४ साली त्यांचे संगीत होते. पुढे १९३७ साली ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या गेलेल्या एका तेजस्वी मुलीची ती कथा. शांतारामांनी त्यात एक विलक्षण गोष्ट केली. गाणी ठेवली, पण प्रसंगांच्या मागे वाजणारे संगीत पार काढून टाकले. त्याऐवजी घरातले, रस्त्यावरचे, भोवतालचे खरे आवाज वापरले. त्या घरातले घड्याळच जणू एक पात्र होऊन बसले. सगळे चित्रपट वाद्यांची रेलचेल करीत असताना एका मराठी चित्रपटाने शांततेला काम दिले, ही गोष्ट लहान नव्हे. ‘कुंकू’त हाणामारी नाही, हे खरे. पण पुढे मारधाडीच्या चित्रपटांना हाच धडा फार उपयोगी पडावयाचा होता, म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो.

त्याच सुमारास मुंबईत दुसऱ्या टोकाचा खेळ चालला होता. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या पारशी बंधूंनी १९३५ साली ‘हंटरवाली’ काढला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स ही मुलगी ‘नाडिया’ हे नाव घेऊन, तोंडावर मुखवटा बांधून, हातात चाबूक घेऊन घोड्यावर बसली आणि भल्याभल्यांना लोळवू लागली. घोड्यावरची गोरी बाई पाहून धंद्यातली मंडळी आधी कचरत होती. लोकांनी मात्र तिला डोक्यावर घेतले. त्या चित्रपटाचे संगीत मास्टर महंमद यांचे होते. अशा चित्रपटांना ‘स्टंटपट’ म्हणत, आणि सभ्य घरांत त्यांचे नाव जरा खालच्या आवाजातच घेत. वर्तमानपत्रांतून समीक्षा होत त्या सामाजिक आणि पौराणिक चित्रपटांच्या; स्टंटपटाच्या वाद्यवृंदाची दखल कोण घेणार? परंतु धावत्या आगगाडीच्या टपावरची झटापट, घोड्यांचा पाठलाग, चाबकाचे फटकारे यांच्याशी संगीत जुळवावे कसे, याची पहिली तालीम याच दुर्लक्षित चित्रपटांत झाली.

योगायोग असा की, वाडियांचा स्टुडिओ परळच्या लवजी कॅसल या त्यांच्या वाडवडिलांच्या वाड्यात होता, आणि १९४२ साली शांतारामांनी ‘राजकमल कलामंदिर’ थाटले ते त्याच जागेत. चाबकाचे फटकारे जिथे घुमले, तिथेच घड्याळाची टिकटिक ऐकविणारा माणूस येऊन बसला. पुढे या राजकमलमध्येच मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणाच्या कामात देशभर नाव मिळविले. संवाद, संगीत आणि भोवतालचे आवाज या तिघांना एका पट्टीवर नांदविणे हे त्यांचे काम. तिघे भांडू लागले तर प्रेक्षकाला काहीच ऐकू येत नाही, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

गोव्याची बोटे, कागदावरचे सूर

आता या कथेत गोवेकर येतात. पन्नास-साठ वाद्यांचा मेळ एकाच वेळी वाजवावयाचा, तर प्रत्येकाला आपापले सूर कागदावर लिहून द्यावे लागतात. आपले गवई आणि वादक विद्या कानाने घेणारे. त्यांच्यापुढे पाच रेघांची पाश्चात्य स्वरलिपी ठेवली असती तर त्यांनी ती नमस्कार करून परत दिली असती. ही लिपी ज्यांना दुधाबरोबर मिळाली होती असे लोक होते गोव्यात. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ही मुले मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईला आली. रात्री हॉटेलांतून नाचाचे संगीत वाजवावे आणि दिवसा स्टुडिओत चित्रपटाचे, असा त्यांचा क्रम असे.

संगीतदिग्दर्शक चाल सुचवी. ती वाद्यांत वाटून, मांडून, लिहून काढण्याचे काम या गोवेकरांकडे असे. या कामाला धंद्यात ‘अरेंजर’ असा शब्द रूढ झाला. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा हे काम करीत. आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, चिक चॉकलेट या मजेशीर नावाच्या ट्रम्पेटवादकाची साथ होती. त्याचे खरे नाव आंतोनियो झेवियर व्हाझ. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर व्हायोलिनचे नामांकित शिक्षक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शंभराहून अधिक वादकांचा मेळ उभा करून हिंदुस्थानी राग पाश्चात्य वाद्यवृंदातून ऐकविले होते. हे साहस फार काळ चालले नाही. पुढे १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि त्यातल्या नायकाच्या तोंडी गुरूचे नाव घालून प्यारेलालनी आपल्या परीने गुरुदक्षिणा दिली. गावोगावच्या वरातींत ते नाव वाजू लागले. त्या नावाचा खरा, हाडामांसाचा माणूस आहे, हे वरातीत नाचणाऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानीमनीही नसे.

पार्श्वसंगीत होई कसे, हेही थोडक्यात सांगतो. गाणी आधी होतात, पार्श्वसंगीत अगदी शेवटी. चित्रण संपून, तुकडे जोडून चित्रपट उभा राहिला म्हणजे एकेक रीळ ध्वनिमुद्रणाच्या दालनात पडद्यावर दाखवीत. चित्रपटाची पट्टी दर सेकंदाला २४ चित्रे या वेगाने धावते; मिनिटाला ९० फूट आणि हजार फुटांचे एक रीळ सुमारे ११ मिनिटांचे. संगीतदिग्दर्शक आणि अरेंजर हातात घड्याळ धरून बसत. अमुक फुटांवर दार उघडते, अमुक फुटांवर गोळी सुटते, असे टिपून त्या मापात सूर लिहावयाचे. मग सगळे वादक आपल्या जागी बसत, समोर पुन्हा तेच रीळ चालू होई, आणि पडद्यावर गोळी सुटण्याच्या नेमक्या क्षणी झांज आदळली पाहिजे. एक जण चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवावयाचे. लग्नाच्या पंगतीत साठ आचाऱ्यांनी मिळून एकच जिलबी तळावी, तसा हा प्रकार होता!

‘शोले’चे कान

या सगळ्या वारशाचे शिखर म्हणजे १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’. दिग्दर्शक रमेश सिप्पी, लेखक सलीम-जावेद, संगीत राहुलदेव बर्मन यांचे. चित्रण बहुतेक बेंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत झाले. सुरुवातीच्या आगगाडीवरच्या लढाईचे चित्रण मात्र आपल्या पनवेलजवळच्या लोहमार्गावरचे, आणि तेवढ्यासाठी सात आठवड्यांहून अधिक काळ खर्ची पडला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. त्याची गाणी सर्वांना पाठ आहेत. मला सांगावयाचे आहे ते गाण्यांच्या मधले.

चित्रपटाच्या आरंभी दोन घोडेस्वार स्टेशनावरून निघून माळरानातून ठाकूरच्या हवेलीकडे जातात, आणि त्यावर नावे येत राहतात. गिटारीच्या तारा छेडल्या जातात, मग हॉर्नचा भरदार सूर दऱ्याखोऱ्यांतून आल्यासारखा येतो. हा सूर आपल्या मातीतला नव्हे. अमेरिकेतल्या घोडेस्वारांच्या चित्रपटांचा आणि इटलीच्या एन्निओ मोरिकोने या संगीतकाराचा वारा त्याला लागलेला आहे. परंतु स्वार वस्तीजवळून जाऊ लागतात तसा ठेका बदलतो, देशी तालवाद्ये आत शिरतात, आणि परका घोडा पाहता पाहता आपल्या गावचा होतो. एक शब्दही न बोलता संगीताने सांगून टाकलेले असते की, वेश परका असला तरी कथा आपली आहे.

गब्बरसिंगचा प्रवेश आठवा. आधी माणूस दिसत नाही. खडकावर बूट वाजतात, कमरेचा पट्टा दगडावर घासतो, आणि त्याखाली कोणत्या वाद्याचा हे कानाला चटकन उमगू नये असा एक ओढलेला, भेसूर सूर सरपटत असतो. तो मोठ्याने वाजत नाही. ढोल-ताशे बडवून खलनायक आणण्याची आपली जुनी चाल. इथे तो दबक्या पावलांनी येतो, म्हणूनच त्याची धास्ती वाटते.

सर्वांत मोठी करामत मात्र ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात आहे. साठ वाद्ये हाताशी असताना तिथे वाद्यांना गप्प बसविले आहे. ऐकू येते ती झोपाळ्याची करकर. मोरिकोने ज्याला संगीत देत असे त्या सर्जिओ लिओनेच्या १९६८च्या चित्रपटात आरंभी असेच संगीत नाही. पवनचक्कीची करकर तेवढी आहे, आणि त्यात एका कुटुंबाच्या हत्येचाही प्रसंग आहे. ‘शोले’ने हे कर्ज घेतले, हे लपविण्याचे कारण नाही. पण १९३७ साली ‘कुंकू’तल्या घड्याळाने शांततेची हीच भाषा आपल्याला शिकविली होती, हेही विसरू नये. शाहिराचा डफ मध्येच थांबतो, तोही याच भाषेत बोलतो.

आणि एवढ्या रक्तपाताच्या चित्रपटात एक निवांत जागा आहे. रात्र झालेली, विधवा सून एकेक दिवा मालवीत जाते, आणि अंगणापलीकडे जय माउथ ऑर्गन वाजवीत बसलेला. ते वाद्य वाजविले होते भानू गुप्ता यांनी. जे प्रेम बोलून दाखविता येत नाही, ते त्या एवढ्याशा वाद्याने सांगितले. लढाईच्या चित्रपटात कोणाच्या मरणाने आपल्याला रडू यावे, हे आधी कुठे तरी ठरावे लागते. ‘शोले’त ते या दिव्यांपाशी ठरते.

बर्मन यांच्या मागे एक मोठे कुटुंबच उभे होते. चेलो वाजविणारे बासू चक्रवर्ती आणि सॅक्सोफोन वाजविणारे मनोहारी सिंग हे त्यांचे सहायक. केरसी लॉर्ड हे नव्या नव्या वाद्यांचे जाणकार. तालाची बाजू सांभाळीत ते मारुतीराव कीर, आणि रेसो-रेसो या खरखरत्या वाद्याला हिंदी संगीतात घर मिळवून देणारे अमृतराव काटकर. ही दोन्ही नावे मराठी आहेत. मराठी हात आणखी एक: संकलक एम. एस. शिंदे. सुमारे तीन लाख फूट चित्रणातून त्यांनी वीस हजार फुटांच्या आसपासचा चित्रपट कोरून काढला, आणि ‘शोले’ला त्या वर्षी ‘फिल्मफेअर’चे जे एकच पारितोषिक मिळाले, ते शिंद्यांना. संगीताने कुठे यावे आणि कुठे थांबावे, याची जागा आधी संकलकाच्या कात्रीने ठरते, हे वर सांगितलेल्या रिळांच्या हिशेबावरून वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

तंबूतला एक भोंगा

मिनर्व्हात ‘शोले’ सत्तर मिलीमीटरच्या भव्य पडद्यावर आणि अनेक बाजूंनी येणाऱ्या आवाजात दाखवीत. जयने उडविलेले नाणे पडले की प्रेक्षक खुर्चीखाली पाहत, असे सांगतात. आमच्या जिल्ह्यात असले वैभव कुठले? चित्रपटाच्या धंद्यात आमच्या मुलखाचे नाव ‘सी. पी. बेरार’. मध्यप्रांत-वऱ्हाड हा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, पण धंद्याच्या वहीत तो अजून नांदतो आहे! मोठ्या शहरांत फिरून झिजलेल्या प्रती पत्र्याच्या पेट्यांतून आमच्याकडे येत. मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर रमतगमत येणारी आमची ‘शकुंतला’ही तशीच होती. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. ती पोचत असे, पण वेळेवर पोचण्याचा आग्रह तिने कधी धरला नाही.

गावोगावच्या लोकांचा सिनेमा म्हणजे फिरता तंबू. दिवाळीनंतर पीक घरात आले, हाती चार पैसे खुळखुळू लागले की तंबू निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बंद होत. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेत गुराढोरांचा बाजार भरे आणि तंबूही लागत. अशाच एका तंबूत मी शाळकरी वयात ‘शोले’ पाहिला. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला माणसे, आणि उशिरा आलेले पडद्याच्या मागल्या बाजूला. त्यांना गब्बर डावखुरा दिसे, पण तक्रार कोणी करीत नसे. बाहेर जनरेटरची धडधड आणि आत आवाजाला एकच भोंगा. चार दिशांनी येणारा आवाज त्या एका भोंग्यातून चेपून बाहेर पडत होता. तरीही टांग्याचा प्रसंग सुरू झाला आणि तंबूतली पोरे उभी राहिली.

माझ्या शेजारी आमच्या गावचा म्हातारा डफडेवाला बसला होता. अंगावर मळकी बंडी, तोंडात तंबाखू. पडद्याकडे त्याचे लक्ष फारसे नव्हते. तो डोळे मिटून मांडीवर बोटे वाजवीत होता. प्रसंग संपल्यावर तो आम्हा पोरांकडे वळून म्हणाला, “पोट्टेहो, हा तबला नोय, हे घोडी होय. शंकरपटात जोडी सुटली का काळीज असंच वाजते.” पार्श्वसंगीतावरची पुस्तके मी पुढे बरीच वाचली. टाप, काळीज आणि तबला या तिघांची लय एक झाली की पाहणारा स्वतःच धावू लागतो, हे त्या म्हाताऱ्याइतक्या थोड्या शब्दांत सांगणारे वाक्य मला त्यांत आढळले नाही. पोळ्याच्या दिवशी कातडे शेकून वाद्य चढविणाऱ्या माणसाला बनारसच्या पंडिताची करामत एका फुटक्या भोंग्यातून ओळखू आली.

आणखी एक गंमत सांगतो. ‘शोले’च्या संवादांची तबकडी निघाली होती, आणि ती लग्नमांडवांतून, गणेशोत्सवांतून, हॉटेलांतून अष्टौप्रहर वाजे. संवादांबरोबर मागचे संगीतही तीत येई. त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता त्या आमच्या आत्याबाईंनाही गब्बर येण्याआधीचा तो भेसूर सूर ठाऊक होता. तो कानावर आला की त्या पोरांना दटावीत, “गुमान झोपा, आला पाहा!” पडद्याच्या मदतीवाचून एक सूर वऱ्हाडातल्या घरात शिरून मुलांना झोपवू लागला, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्या वाद्यवृंदाला मिळाले असेल?

नावांचा हिशेब

१९९४च्या जानेवारीत राहुलदेव बर्मन गेले आणि मे महिन्यात पंडित सामताप्रसाद. आमच्या शकुंतलेचे वाफेचे इंजिनही त्याच वर्षी विसावले. मनोहारी सिंग २०१० साली, केरसी लॉर्ड २०१६ साली, भानू गुप्ता २०१८ साली गेले. तंबूतले सिनेमेही आता बहुतेक उठले. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या सिनेमांवर निघालेल्या माहितीपटाचे २०१६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात कौतुक झाले, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना कळले की ही चीज कौतुकाची होती.

२०२५ साली ‘शोले’ला पन्नास वर्षे झाली. जुन्या, खराब झालेल्या पट्ट्यांवर मोठ्या चिकाटीने काम करून तो पुन्हा स्वच्छ करण्यात आला आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात, उघड्या चौकात दाखविला गेला. आणीबाणीच्या काळात परिनिरीक्षण मंडळाच्या सांगण्यावरून बदललेला शेवटही त्यात मूळ रूपाने परत आला. चित्र वाचले, आवाज वाचला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या कागदांवर गोवेकर अरेंजरांनी रात्र रात्र जागून सूर लिहिले, ते कागद वाचले नाहीत. ध्वनिमुद्रण झाले की त्यांचे काम संपे. हिंदी चित्रपटांच्या हजारो गाण्यांचे आणि प्रसंगांचे ते मूळ लेखन. त्यातले फारच थोडे आज हाती लागते. पाश्चात्य देशांत जुन्या चित्रपटांचे संगीत आज मोठमोठे वाद्यवृंद सभागृहात वाजवितात, कारण कागद जपलेले आहेत. आपल्याला ते करावयाचे झाले तर चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकून, कानाने टिपून, सगळे नव्याने लिहावे लागते. तसे करणारी वेडी मंडळी आपल्याकडे आहेत, हे भाग्यच. पण वादकांची स्मृती हीच जिथे दप्तर होती, तिथे प्रत्येक वादकाबरोबर दप्तराचे एक पान जळाले आहे.

मूकपटांच्या पायथ्याशी बसलेल्या तबलजींची नावे आपण गमावली. स्टंटपटांच्या वाद्यवृंदांची बहुतेक गमावली. ‘शोले’च्या पिढीतली काही नावे हाती आहेत, ती तरी जपावीत. दिवाळीच्या सुटीत घरची मंडळी एकत्र बसून जुना चित्रपट पाहतील, तेव्हा आरंभीची नावे पुढे ढकलू नयेत. मुलांना ती वाचू द्यावीत आणि जी पडद्यावर नाहीत ती आपण सांगावीत. तबला सामताप्रसादांचा, माउथ ऑर्गन भानू गुप्तांचा, ताल मारुतीराव कीरांचा. आणि आपल्या गावात डफडे, सनई, संबळ वाजविणारा कोणी म्हातारा असेल, तर त्याच्यापाशी घटकाभर बसून त्याचे बोल टिपून घ्यावेत, त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. मला त्या यात्रेतल्या म्हाताऱ्याचे वाक्य आठवते, त्याच्या बोटांची लय आठवते. गावात सगळे त्याला डफडेवाला म्हणत, आणि त्याचे नाव विचारण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती.